जुने पीसी गेम नव्या विंडोजवर: विकत घेतलेल्या डिजिटल आवृत्तीच्या आत काय असतं आणि अडलं तर कुठे बघायचं

चौकोनी_पिक्सेल (धागाकर्ता)

डूम, फॉलआउट, डायब्लो, हीरोज ३, प्रोजेक्ट आयजीआय हे गेम आज सरळ विकत मिळतात आणि विंडोज ११ वर चालतातही. चालले तर प्रश्नच मिटला. पण चित्र आडवं फाकलंय, आवाज फाटतोय, गेम भरधाव पळतोय असं काही झालं की पहिला हात जातो तो कंपॅटिबिलिटी मोडकडे. विंडोज ९५, ९८, एक्सपी, सगळं एकेक करून निवडून होतं आणि गेम होता तिथेच राहतो. कारण या आवृत्त्यांमध्ये मूळ गेम आणि विंडोज यांच्या मधे विक्रेत्याने बहुतेक वेळा एक दुभाषा बसवलेला असतो. दुरुस्ती त्या दुभाष्याच्या सेटिंगमध्ये करायची असते. म्हणून आधी तो कोण आहे ते ओळखायचं.

जुनी सीडी थेट का चालत नाही ते आधी सांगतो, म्हणजे विकतच्या आवृत्तीत काय बदललंय ते कळेल.

एक म्हणजे ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. डॉसचे गेम तर गेलेच, पण १९९५ ते ९८ च्या सुमाराचे कित्येक गेम स्वतः ३२ बिट असले तरी त्यांचा सेटअप १६ बिट असतो. त्यामुळे गेमपर्यंत पोचायच्या आधीच गाडी अडते.

दुसरं, सीडीवरचं कुलूप. सेफडिस्क या कुलपाला विंडोजमधला एक ड्रायव्हर लागायचा. २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते त्याला वगळूनच. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरक्षा अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद केला, कारण त्यातून सिस्टिममध्ये घुसायला वाट होती. अस्सल सीडी हातात असून गेम उघडत नाही तो यामुळे.

तिसरं कारण डायरेक्टड्रॉ, म्हणजे गेमना पडद्यावर चित्र काढू देणारा विंडोजचा जुना भाग. २५६ रंगांचे गेम पडद्याचा रंगांचा तक्ता थेट बदलायचे. विंडोज ८ पासून सगळं चित्र डेस्कटॉप जुळवणाऱ्या थरातूनच जातं आणि ८ किंवा १६ बिट रंगांची नुसती नक्कल होते. मग रंग विचकतात, मेन्यू रांगतो, नाहीतर पडदा काळाच राहतो.

डिजिटल आवृत्तीत पहिली दोन दुखणी संपलेली असतात. इन्स्टॉलर नवा असतो, कुलूप काढलेलं असतं. तिसऱ्यावर पट्टी बांधलेली असते, कुठे पक्की, कुठे जेमतेम.

आता गेमचा फोल्डर उघडा. आत डॉसबॉक्स नावाचा फोल्डर आणि शेवटी कॉन्फ असलेल्या फाइली दिसल्या तर तो डॉसचा गेम एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतोय. गॉग या ऑनलाइन दुकानाच्या आवृत्तीत साधारण दोन कॉन्फ फाइली असतात. एकीत सगळी सेटिंग, आणि नावाच्या शेवटी 'सिंगल' असलेल्या दुसरीत गेम सुरू करायच्या आज्ञा. दोन्हीत एकच ओळ असेल तर नंतर वाचलेली फाइल जिंकते, त्यामुळे बदल पहिलीत करून परिणाम दिसला नाही तर दुसरीही तपासा. 'इन्स' आणि 'गॉग' अशा शेपटीच्या दोन फाइली दिसल्या तर ती मूळ सीडीची प्रतिमा आहे, म्हणजे सीडी-प्रतिमेची नेहमीची क्यू आणि बिन हीच जोडी वेगळ्या नावाने. जागा वाचवायला ती पुसू नका, संगीताचे ट्रॅक बऱ्याचदा तिच्यातच असतात.

गेमच्या एक्झीशेजारी डीड्रॉ, डी३डी८ किंवा ग्लाइड अशा नावाच्या डीएलएल फाइली असतील तर तो रॅपर, म्हणजे गेमच्या जुन्या चित्र-आज्ञा आजच्या विंडोजला कळतील अशा करणारा दुभाषा, विंडोजच्या जमान्यातल्या गेमसाठीचा. स्कमव्हीएम (जुन्या साहसकथा गेमसाठी नव्याने लिहिलेलं इंजिन) दिसलं तर गेमचं इंजिनच बदललेलं आहे आणि त्यात सहसा काही करावं लागत नाही.

अजून एक. हे गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका. जुना गेम स्वतःच्याच फोल्डरात सेव्ह लिहितो. विंडोज तिथे लिहू देत नाही आणि ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वळवते. मग सेव्ह सापडत नाहीत, किंवा कॉन्फिग बदलूनही गेम जुनंच वाचतो. सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून त्यात टाका.

---

६४०_केबी

वाचनखूण साठवली. डॉसबॉक्सवाल्या गेममध्ये चित्र पूर्ण पडद्यावर पसरतं आणि माणसं बुटकी, जाड दिसतात. ते नीट करायला नेमकी कुठली ओळ बदलायची?

---

नागमोडी

@६४०_केबी, रेंडर विभागातली 'ॲस्पेक्ट' ही ओळ 'ट्रू' करा. एसडीएल विभागात 'आउटपुट' ओपनजीएल ठेवा आणि 'फुल-रिझोल्यूशन' डेस्कटॉप. जुन्या डॉसबॉक्सला 'डेस्कटॉप' हा शब्द कळला नाही तर मॉनिटरचा आकडा लिहा, १९२० गुणिले १०८० वगैरे. आउटपुट 'सरफेस' असताना ॲस्पेक्ट लावलं की काम सगळं प्रोसेसरवर पडतं आणि गेम मंदावतो. म्हणून आधी आउटपुट बदला, मग ॲस्पेक्ट.

कारणही सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. डॉसच्या बहुतेक गेमचं चित्र ३२० × २०० असतं. हे गुणोत्तर १६:१० होतं. पण त्या काळचा मॉनिटर ४:३ होता, आणि तेच चित्र त्यावर उभं ताणून पूर्ण पडदा भरायचं. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच. चित्रकारांनी तो ताण धरूनच चित्रं काढली. चौकोनी ठिपक्यांवर तेच चित्र दाखवलं की गोल लंबगोल होतो आणि माणूस बसका. १०८० उंचीच्या पडद्यावर बरोबर आकार १४४० × १०८०, दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या. त्या पट्ट्या असायलाच हव्यात.

६४० × ४८० चे गेम मुळातच ४:३ आहेत, ठिपके चौकोनी. त्यांना ही सेटिंग लावली तरी बिघडत नाही.

---

शब्दवेडी

@नागमोडी, एक भर. १४४० × १०८० ला प्रत्येक ठिपका आडवा ४.५ पट आणि उभा ५.४ पट होतो. अपूर्णांकामुळे काही ठिपके जाड, काही बारीक, आणि चित्र सरकताना ते लुकलुकतात. अक्षरांवर जास्त जाणवतं. आडवं ५ पट, उभं ६ पट केलं की १६०० × १२०० मिळतं आणि गुणोत्तर अचूक ४:३ येतं. त्यामुळे २५६० × १४४० चा मॉनिटर या गेमसाठी फार सोयीचा, वर-खाली १२० ठिपके सोडले की झालं. १०८० च्या मॉनिटरवर ४ पट आणि ५ पट, म्हणजे १२८० × १०००. गुणोत्तर १.२८ येतं, ४:३ च्या १.३३ पेक्षा किंचित अरुंद, पण प्रत्येक ठिपका सारखा. मला हा पर्याय जास्त पटतो.

---

नागमोडी

साहसकथा आणि डावपेचांच्या गेमला तुमचं मान्य. धावपळीच्या गेममध्ये आकार अचूक असणं मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून मी १४४० × १०८० वरच राहीन. डॉसबॉक्स स्टेजिंगमधले (डॉसबॉक्सची सुधारलेली नवी आवृत्ती) जुन्या काचेच्या मॉनिटरसारखं दाखवणारे शेडर लावले तर ठिपक्यांची असमानता बरीच झाकली जाते.

---

खटपट्या

डॉसबॉक्समध्ये वेगाचं गणित काय? काही गेम हवेत उडतात, काही रांगतात.

---

रातकिडा_२२०

सीपीयू विभागातली 'सायकल्स' ही ओळ, नकली प्रोसेसरचा वेग तिच्यावर ठरतो. 'ऑटो' असेल तर साधे रिअल मोडचे, म्हणजे प्रोसेसर जुन्या साध्या पद्धतीने वापरणारे, गेम ३००० सायकलवर चालतात आणि प्रोटेक्टेड मोडचे, म्हणजे डूमच्या पिढीचे, जेवढा जोर मिळेल तेवढ्यावर. डूमला हे चालतं, कारण तो स्वतःला सेकंदाला ३५ टप्प्यांवर बांधून घेतो. पण १९९० च्या आसपासचे काही गेम प्रोसेसर जितका वेगवान तितके पळायचे. विंग कमांडर हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. त्यांना ठरावीक आकडा द्यावा लागतो, 'फिक्स्ड' लिहून पुढे संख्या.

अंदाजासाठी: ३३ मेगाहर्ट्झचं ३८६ म्हणजे साधारण ६०००, आणि ६६ मेगाहर्ट्झचं ४८६ डीएक्स २ म्हणजे २४ ते २५ हजार. गेम कुठल्या वर्षाचा आहे त्यावरून सुरुवात करा. मग खेळतानाच कंट्रोल-एफ १२ ने वेग वाढवा, कंट्रोल-एफ ११ ने कमी करा. मूळ सेटिंगमध्ये एका दाबात १० टक्के वाढ आणि २० टक्के घट होते. खिडकीच्या वरच्या पट्टीवर आकडा दिसतो. जमला की तोच कॉन्फमध्ये लिहा.

आकडा उगाच मोठा ठेवला तर दोन गोष्टी होतात. तुमचा खरा प्रोसेसर तेवढं काम वेळेत उरकू शकत नाही, आवाजाचा साठा रिकामा पडतो आणि कडकड ऐकू येते. अशा वेळी लोक साउंडचे ड्रायव्हर बदलत बसतात. आधी सायकल्स कमी करून बघा. दुसरं म्हणजे 'रनटाइम एरर २००'. बोर्लंड पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम सुरू होताना यंत्राचा वेग मोजतात. वेग फार जास्त असला की त्या भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो. सायकल्स खाली आणल्या की हाही जातो.

आवाजाचंही इथेच लिहितो. गेमचा मूळ सेटअप चालवा, बहुतेक वेळा विक्रेत्याने त्याचा वेगळा शॉर्टकट दिलेला असतो. त्यात साउंड ब्लास्टर १६, पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हाय डीएमए ५. डॉसबॉक्सची मूळ मूल्यं हीच आहेत. बऱ्याच गेमचा सेटअप आयआरक्यू ५ गृहीत धरतो, तिथे संगीत येतं पण गोळीचा आवाज येत नाही.

संगीतासाठी रोलँड एमटी-३२ (संगीत वाजवणारं त्या काळचं यंत्र) निवडायचं की जनरल मिडी (वाद्यांच्या क्रमांकांचं नंतरचं मानक), हे गेमच्या वयावर. एमटी-३२ १९८७ चं, जनरल मिडीचं मानक १९९१ चं. एमटी-३२ साठी लिहिलेलं संगीत जनरल मिडीवर वाजवलं तर वाद्यांचे क्रमांक जुळत नाहीत, बासरीच्या जागी भलतंच काही वाजतं. डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये दोन्हींची सोय आतच आहे. मिडी विभागात 'मिडी-डिव्हाइस' पुढे फ्लुइडसिंथ किंवा एमटी३२ लिहायचं. पहिल्याला साउंडफाँटची, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची, फाइल लागते, दुसऱ्याला मूळ यंत्राचे रॉम, म्हणजे त्याच्या चिपमधला डेटा.

---

शब्दवेडी

स्टेजिंग वापरायला गेमसोबत आलेला डॉसबॉक्स काढून टाकावा लागत नाही. स्टेजिंग वेगळं टाका, गेमच्या कॉन्फ फाइलींच्या प्रती काढा आणि शॉर्टकटमध्ये त्या दोन्ही त्याच क्रमाने द्या. माउंटच्या ओळीत मार्ग 'एक फोल्डर वर' असा दिलेला असतो, तो शॉर्टकटच्या 'स्टार्ट इन' पासून मोजला जातो. 'गेम सापडला नाही' म्हणत कोरा सी प्रॉम्प्ट दिसला तर कारण हमखास हेच. 'स्टार्ट इन'मध्ये गेमसोबतच्या डॉसबॉक्स फोल्डरचाच मार्ग ठेवा.

---

मोगरी

डॉसचं कळलं. ९८ ते २००३ मधल्या गेमचं काय? रॅपर कुठला, कसा टाकायचा?

---

चौकोनी_पिक्सेल

@मोगरी, दोन रॅपर लक्षात ठेवलेत तरी बहुतेक काम भागतं. सपाट चित्रांचे २५६ रंगी गेम असतील तर सीएनसी-डीड्रॉ. त्रिमितीय गेम, किंवा थ्रीडीएफएक्स कार्डासाठीचे ग्लाइड गेम असतील तर डीजीव्हूडू २.

डीजीव्हूडूची कृती अशी. झिप उघडा. 'एमएस' फोल्डरात एक्स८६ आणि एक्स६४ असे वेगळे फोल्डर आहेत. तुमचं विंडोज ६४ बिट असलं तरी गेम ३२ बिट आहे, म्हणून एक्स८६ मधल्याच फाइली घ्यायच्या. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चुकीची डीएलएल टाकली की गेम उघडतच नाही, किंवा विंडोज सरळ एरर दाखवतं. डायरेक्टएक्स ७ पर्यंतच्या गेमला डीड्रॉ आणि डी३डी-आयएमएम या दोन, डायरेक्टएक्स ८ ला डी३डी८, ९ ला डी३डी९. ग्लाइडच्या तीन फाइली 'थ्रीडीएफएक्स' फोल्डरात आहेत, तिथेही एक्स८६. या फाइली खऱ्या एक्झीच्या शेजारी ठेवा. एक्झी कधी कधी 'बिन' किंवा 'सिस्टिम' अशा आतल्या फोल्डरात असते, वरचा नुसता लाँचर असतो.

मग डीजीव्हूडूचं कंट्रोल पॅनेलही त्याच फोल्डरात आणून तिथूनच उघडा, वरचं टिंब आणि तिरकी रेघ असलेलं बटण दाबा म्हणजे सेटिंग याच गेमपुरतं राहील. स्केलिंगमध्ये 'गुणोत्तर राखून' हा पर्याय निवडा. डायरेक्टएक्स टॅबमध्ये वॉटरमार्कची खूण असते, ती पहिल्यांदा राहू द्या. गेममध्ये कोपऱ्यात चिन्ह दिसलं तर रॅपर लागू झाला हे नक्की. मग खूण काढा. चिन्ह नाही दिसलं तर फाइली चुकीच्या जागी आहेत, बाकी सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

विक्रेत्याने आधीच डीड्रॉ डीएलएल ठेवली असेल तर तिच्यावर नवी चिकटवू नका, आधी नाव बदलून बाजूला ठेवा. आणि स्टीमचं 'फाइली तपासा' किंवा गॉग गॅलक्सीचं 'दुरुस्ती' चालवलंत तर मूळच्या ज्या फाइलींवर तुम्ही नव्या चढवल्यात त्या पूर्ववत होतात. बदललेल्या फाइलींची प्रत वेगळी जपा.

---

खटपट्या

४के लॅपटॉपवर चित्राचा वरचा डावा तुकडाच दिसतो आणि माउस मधेच अडतो. रॅपर लागलाय, वॉटरमार्क दिसतोय.

---

नागमोडी

@खटपट्या, ते डीपीआय स्केलिंग. डेस्कटॉप १५० किंवा २०० टक्क्यांवर असतो आणि गेमला पडद्याचा खोटा आकार सांगितला जातो. एक्झीवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'हाय डीपीआय सेटिंग बदला', शेवटच्या खुणेवर टिचकी मारून पुढे 'ॲप्लिकेशन' निवडा. कंपॅटिबिलिटी टॅब खरोखर उपयोगी पडतो तो इथे. जुना डॉसबॉक्स ०.७४ असेल तर त्याच्या एक्झीलाही हेच करा.

---

मोगरी

आभार. आणखी एक. प्रोजेक्ट आयजीआयमध्ये मिशनच्या मधे सेव्ह होत नाही. हा परवानगीचा घोळ आहे का?

---

रातकिडा_२२०

नाही ताई, मूळ गेमच तसा आहे. २००० साली नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने तो बनवला तेव्हापासून मिशनच्या मधे सेव्ह नाही, मिशन पूर्ण झालं तरच नोंद होते. २००३ च्या दुसऱ्या भागात मर्यादित सेव्ह आले. डिजिटल आवृत्तीत याला हात लावलेला नाही, आणि ते बरोबरच आहे. मिशन संपल्यावरही नोंद टिकत नसेल तर मात्र वर सांगितलेली प्रोग्रॅम फाइल्सची अडचण.

---

लिनक्सवाडी

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडं. मॅकओएसने २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिट प्रोग्रॅम बंद केले, त्यामुळे जुने मॅक इन्स्टॉलर निरुपयोगी झाले. पण डॉस आणि स्कमव्हीएमचे गेम अडत नाहीत. गॉगचा विंडोज इन्स्टॉलर इनो सेटअपवर बनलेला असतो, तो 'इनोएक्स्ट्रॅक्ट'ने उघडतो. इन्स्टॉलरच्या एक्झीसोबत बिन फाइली असतील तर सगळ्या एकाच फोल्डरात, मूळ नावांनी ठेवा. आतून गेमचा डेटा काढा आणि तुमच्याकडच्या डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएमला द्या.

लिनक्सवर वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा थर) रॅपरची डीएलएल नुसती शेजारी ठेवून भागत नाही, वाइन आपलंच डीड्रॉ पुढे करतं. वाइनच्या कॉन्फिगमध्ये लायब्ररीज या टॅबवर 'डीड्रॉ' जोडून 'आधी नेटिव्ह, मग बिल्टइन' करा. स्टीमवर प्रोटॉन (स्टीमचं स्वतःचं वाइन) असेल तर हीच गोष्ट लाँच ऑप्शनमध्ये वाइनच्या डीएलएल ओव्हरराइडच्या ओळीने द्यायची.

फाइलींच्या नावातली लहान-मोठी लिपीही तपासा. लिनक्सवर ती वेगळी मानली जाते, आणि काही सोर्स पोर्ट (खुल्या सोर्स कोडवरून नव्याने बनवलेली गेमची इंजिनं) डेटा फाइल केवळ त्यामुळे 'नाही' म्हणतात.

---

शब्दवेडी

सोर्स पोर्टचा विषय निघालाच आहे. डूमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला, त्यामुळे त्याला डॉसबॉक्समध्ये चालवायची गरज उरलेली नाही. विकत घेतलेल्या फोल्डरातून फक्त वॅड फाइल, म्हणजे नकाशे, चित्रं, आवाज यांचा डेटा, उचलायची. मूळच्याच अनुभवासाठी चॉकलेट डूम, नव्या सोयींसाठी जीझेडडूम. वॅड कुठली हे आकारावरून ओळखा: अल्टिमेट डूमची १.९ आवृत्ती १,२४,०८,२९२ बाइट आणि डूम २ ची १.९ आवृत्ती १,४६,०४,५८४ बाइट. २०२४ च्या नव्या एकत्रित आवृत्तीतल्या वॅड बदललेल्या आहेत. एखादा जुना मॉड (लोकांनी गेमवर बनवलेली भर) अडला तर आधी हा आकडा जुळवा.

डायब्लोचंही तसंच. डेव्हिल्यूशन-एक्स या सोर्स पोर्टला मूळ गेममधली एमपीक्यू ही डेटा फाइल दिली की रुंद पडदा मिळतो आणि चित्र गुळगुळीत हलतं. मूळ डायब्लो सेकंदाला २० चित्रांवर चालतो, तो काही बिघाड नव्हे.

क्वेकमध्ये संगीत गायब असेल तर कारण वेगळं: मूळ संगीत सीडीचे ऑडिओ ट्रॅक होते. आजचे पोर्ट 'आयडी१' फोल्डरातल्या 'म्युझिक' फोल्डरात ट्रॅक०२ ते ट्रॅक११ शोधतात. दोनपासून, कारण सीडीवरचा पहिला ट्रॅक गेमचा डेटा होता.

---

रातकिडा_२२०

सोर्स पोर्टबद्दल आदर आहे, पण डूम पहिल्यांदा खेळणाऱ्याला जीझेडडूम सुचवू नका. वर-खाली बघणं आणि उडी मारणं चालू केलं की नकाशांची रचनाच कोलमडते. ते नकाशे त्याशिवाय खेळायला बनवलेत. आधी चॉकलेट डूम, मग हवं ते.

---

शब्दवेडी

मान्य. जीझेडडूममध्येही कंपॅटिबिलिटी 'डूम, काटेकोर' ठेवता येते, पण नवख्याला ते शोधत बसावं लागतं.

---

६४०_केबी

एकाच गेमच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात तेव्हा कुठली घ्यायची?

---

चौकोनी_पिक्सेल

हे गेम पाहूनच ठरवावं लागतं, पण चांगलं उदाहरण हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३. २०१५ ची एचडी आवृत्ती दिसायला नवी, पण तिच्यात दोन्ही विस्तार नाहीत, कारण त्यांचा सोर्स कोड हरवला होता. गॉगवरची कम्प्लीट आवृत्ती दिसायला जुनी, पण पूर्ण. लोकांनी बनवलेला 'हॉर्न ऑफ द ॲबिस' हा मोठा विस्तार कम्प्लीटवरच बसतो, एचडीवर नाही. म्हणून कम्प्लीट घ्या आणि रुंद पडद्यासाठी एचडी मॉड वेगळा टाका. 'एचडी आवृत्ती' आणि 'एचडी मॉड' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

फॉलआउट १ आणि २ मध्ये रिझोल्यूशनची वेगळी फाइल असते, नावात 'रेस' असलेली. तिच्यात थेट १९२० × १०८० लिहिलं तर माणसं मुंगीएवढी होतात. सोबत दुप्पट स्केलचा पर्याय १ करा, गेम ९६० × ५४० वर चालेल आणि पडदाही भरेल.

उत्तम पुनर्प्रकाशन कसं असतं ते बघायचं तर सिस्टम शॉक २ बघा. १९९९ चा गेम, बनवणारी लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद पडली, हक्क एका विमा कंपनीकडे गेले. एकापेक्षा जास्त कोर असलेल्या प्रोसेसरवर तो कोसळायचा, लोक टास्क मॅनेजरमधून त्याला एकाच कोअरवर बांधायचे. २०१२ मध्ये कुणा अनामिकाने इंजिनचा 'न्यूडार्क' पॅच प्रसिद्ध केला, पुढच्या वर्षी नाइट डाइव्हने हक्क मिळवून तो गेम गॉगवर आणला. रुंद पडदा, नवे कोअर, सगळं व्यवस्थित. हक्क सोडवणारे आणि कोड दुरुस्त करणारे, दोघंही लागतात. याउलट नो वन लिव्ज फॉरएव्हर हा २००० चा सुंदर गेम हक्क कुणाकडे याच घोळात अडकून आजही विकत मिळत नाही. गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने संपतात तेव्हाही असंच होतं. व्हाइस सिटीच्या डिजिटल आवृत्तीतून काही गाणी गेली ती यामुळेच. व्हाइस सिटीत फ्रेम लिमिटर चालूच ठेवा. तो ३० चित्रांचं गणित धरून बनलाय, लिमिटर काढला की गाड्या आणि माणसं विचित्र वागू लागतात.

आणि विकत घेतल्यावर ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. वॉरक्राफ्ट १ आणि २ डिसेंबर २०२४ मध्ये गॉगच्या विक्रीतून गेले. आधी घेतलेल्यांचे राहिले, पण ज्यांनी 'पुढच्या सेलला घेऊ' म्हटलं त्यांना ती आवृत्ती तिथे आता मिळत नाही.

भारतातून परदेशी दुकानात पैसे भरताना कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा, नव्या कार्डावर ते सुरुवातीला बंदच असतात.

---

खटपट्या

डीपीआयने काम झालं, चित्र पूर्ण आलं. शेवटचा प्रश्न: डॉसचे गेम दोघांनी मिळून नेटवर खेळता येतात का? एक जण पुण्यात, एक नागपुरात.

---

लिनक्सवाडी

येतात. डॉसबॉक्सच्या आयपीएक्स (त्या काळची नेटवर्कची पद्धत) विभागात 'आयपीएक्स' ट्रू करा, दोघांनीही. एकाने प्रॉम्प्टवर 'आयपीएक्सनेट स्टार्टसर्व्हर', दुसऱ्याने 'आयपीएक्सनेट कनेक्ट' आणि पुढे पहिल्याचा आयपी. मग गेममध्ये आयपीएक्स नेटवर्क निवडा. दोघांकडे गेमची आवृत्ती एकच हवी.

एका घरात, एकाच राउटरवर हे लगेच जमतं. पुणे-नागपूरला अडचण अशी की आपल्याकडे बऱ्याच घरगुती आणि मोबाइल जोडण्यांना स्वतःचा जाहीर आयपी नसतो, शेकडो ग्राहक एकाच आयपीमागे असतात. राउटरवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. झीरोटियर किंवा टेलस्केल (दूरचे संगणक एकाच खाजगी जाळ्यात जोडणारे प्रोग्रॅम) दोघांनी टाका आणि त्यातून मिळालेला आयपी कनेक्टला द्या.

मूळ पोर्ट यूडीपी २१३ आहे. लिनक्सवर १०२४ च्या खालचं पोर्ट साध्या वापरकर्त्याला उघडता येत नाही आणि सर्व्हर सुरूच होत नाही. सर्व्हर लिनक्सवर असेल तर 'स्टार्टसर्व्हर' पुढे २१३० लिहा, आणि समोरच्याने कनेक्टमध्ये आयपीनंतर तोच आकडा. विंडोजवर पहिल्या वेळी फायरवॉल विचारेल तेव्हा खाजगी आणि सार्वजनिक दोन्ही खुणा करा. झीरोटियरचं जाळं विंडोज बहुधा सार्वजनिक धरतं.

---

खटपट्या

२१३० वर जोडलं गेलं. डूममध्ये दोघं एका नकाशात आहोत.